घोट्यापाशी

१

संग्रहालयातली माणसं घरी जायला निघाली, की बाई कामाला लागायच्या. बाह्या कोपरापर्यंत सारायच्या, बादलीत पिवळी माती, राख आणि पाणी कालवायच्या आणि त्या घराची जमीन सारवायला बसायच्या. आधी चुलीभोवती, मग धान्य वाटायच्या दगडाभोवती, मग उलटं सरकत सरकत दाराकडे. बाहेर आलं की हात पुसायचे आणि पडदा ओढून घ्यायचा. मागे जमीन अशी झालेली असायची, की मुंगी चालून गेली तरी सकाळी कळावं.

घर होतं हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचं. लिहिणं-वाचणं यायच्या कितीतरी आधीची ती माणसं. बाईंनी त्यांच्या वस्तीवर उत्खनन करत उभी हयात उन्हात काढली होती. आता मोठ्या दालनात त्यातलं एक घर त्यांनी जसंच्या तसं उभं केलं होतं. गोल, कुडाच्या भिंतींचं, वर गवत, एकच बुटकं दार. दालन लोकांसाठी अजून उघडायचं होतं, तोवर आत फिरकणारी माणसं दोनच, एक बाई आणि दुसरा दालनासाठी नकाशे आणि पाट्या करणारा नकाशेवाला.

बाईंची कामाची रीत ठरलेली होती. कागदावर अंदाज बांधत बसायचं नाही, जुन्या माणसांनी जे केलं ते त्यांच्यासारखंच करून पाहायचं. त्यांचीच माती, त्यांच्यासारखाच दगड, आणि हाताला फोड आले तरी चालतील. मग ती माणसं कशी जगली हे आपोआप कळत जातं, असं त्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, आणि विद्यार्थी मागे त्यांच्या फोडांची नक्कल करायचे.

म्हणून त्या घरात, चूल आणि दार यांच्या मधोमध, जमिनीखाली एक बाई पुरलेली होती. खरीखुरी. उत्खननात सापडलेला तिचा सांगाडा मातीसकट प्लास्टरमध्ये जखडून उचलून आणला होता आणि तसाच खाली बसवला होता. संचालकांना वर काच हवी होती. बाई तडकल्या होत्या. "घरच्यांनी झाकून ठेवलेली बाई आपण उघडी टाकायची? बाजार मांडलाय का?" मग बाईंनीच तिच्यावर माती ओढली, थापली, गोट्याने घोटली, सगळं त्या लोकांच्या रीतीने.

त्या वस्तीत मोठी माणसं अशीच पुरत. घरातच, चुलीजवळ. आणि पुरण्याआधी घोट्याखाली पाय कापून टाकत.

२

"पाटीवर काय लिहू?" नकाशेवाल्याने विचारलं. निवृत्तीला टेकलेला माणूस, पण जीभ कात्रीसारखी. "'घरच्यांनी प्रेमापोटी पाय कापले'? लोक हसतील हो बाई."

"मेल्यानंतर कापले. आपलं माणूस घर सोडून भटकू नये म्हणून. आपल्याच छपराखाली राहावं म्हणून. यात हसण्यासारखं काय आहे?"

"माझ्यावर कुणी एवढं प्रेम केलं, तर मी बूट घालून झोपेन."

एरवी बाई हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला कळायचं नाही ते. ज्याचं माणूस उठून जातं ना, त्याला विचारा. लिहा मी सांगते तसं."

नकाशेवाल्याने मान खाली घालून लिहायला घेतलं. बाईंच्या घरातली गोष्ट त्याला ठाऊक होती. नवरा एका सकाळी बूट घालून गेला तो गेलाच होता, लेक तेव्हा रांगत होती. आता ती लेकही जायला निघाली होती, दूरच्या शहरात, नोकरीला. ज्या सकाळी तिने ही बातमी सांगितली, त्याच दिवशी बाईंनी त्या सांगाड्यावर माती थापली होती. दातओठ खात थापली होती. प्रत्येक थापेबरोबर मनात एकच घोष चालला होता: जायचं नाही. जायचं नाही. इथून कुणी जायचं नाही. देवापुढे बसल्यावर नाव घ्यावं तशी लय लागली होती. माती इतकी घट्ट बसली, की गोटा आपटला तर खणखणला.

दुसऱ्या दिवशी पडदा सारला, तर सारवलेल्या जमिनीवर चुलीजवळ दोन खळगे होते. शेजारी शेजारी, उथळ, वाटोळे.

"तुम्ही आत बसला होतात का?" त्यांनी नकाशेवाल्याला विचारलं. "गुडघे टेकून?"

"मी? माझे गुडघे वाकणं बंद होऊन जमाना झाला. देवासमोरसुद्धा मी उभाच असतो, त्यालाही सवय झालीय."

मग पहारेकऱ्याची हजेरी घेतली गेली. किल्ली कुणाला दिलीस, आत कोण शिरलं, कामावर झोपा काढतोस का. तो बिचारा देवाच्या शपथा घेत राहिला. बाईंनी त्याचा चांगला पाणउतारा केला, आणि मग स्वतःच विचार करत बसल्या. ओली माती वाळताना बसते. खाली पोकळी राहिली असेल. पोकळी दोन ठिकाणी राहू शकते. शेजारी शेजारीही राहू शकते.

त्यांनी खळगे भरले आणि पुन्हा सारवलं.

३

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती चालली अशी नव्हतीच, धावायलाच लागली. आताही बॅग भरताना ती या खोलीतून त्या खोलीत पळत होती आणि बाई टेबलाशी हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"आई, एवढं तोंड फुगवून बसू नकोस ना. सणासुदीला येईन मी."

"तुझा बापही येणार होता."

"बाबांचं मला काय सांगतेस? मी काय पळून चाललेय का?"

"चाललीस ते चाललीस. पळत काय, चालत काय."

"मग काय करू? तुझ्या त्या मातीच्या भांड्यांसारखी फडताळात बसू? वर चिठ्ठी लावून?" भिंगरीचा आवाज चढला. "एवढी वर्षं मेलेल्या माणसांचं घर शोधत हिंडलीस, मी शेजारच्या काकूंकडे जेवून मोठी झाले. तेव्हा मी कधी म्हटलं, आई जाऊ नकोस?"

हे खरं होतं, म्हणूनच बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या उठल्या, टेबलावरचा कप ताडकन मोरीत टाकला. कानाला लागेल असं काहीतरी बोलणार, तेवढ्यात भिंगरी मधेच पलंगावर बसली. पावलं चोळायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही. सकाळपासून पाय बधिर झाल्यासारखे झालेत. घोट्याच्या खाली काही कळतच नाहीये."

"नाटकं पुरेत."

"नाटकं काय, टाचणी टोचून बघ."

बाई बघायला वाकल्या. पावलं गार होती. आणि अगदी आत, जिथे माणूस स्वतःलाही बोलावत नाही अशा जागी, त्यांना बरं वाटलं. क्षणभरच. त्यांनी तो विचार तिथेच दाबला आणि गरम पाणी ठेवायला गेल्या.

४

खळगे परत उमटले. यावेळी दोनच नव्हते. चुलीपासून निघालेली ती जोड्यांची रांग दाराच्या दिशेने गेली होती आणि मधेच थांबली होती. प्रत्येक जोडीच्या मागे जमिनीवर बोथट, आखूड ओरखडे.

पहारेकऱ्यावर ओरडायला बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. माणसांचे माग वाचणं हे त्यांचं काम होतं. गाळात उमटलेल्या, दगड होऊन गेलेल्या पावलांवरून त्यांनी बाई कोण, पोर कोण, कुणाच्या डोक्यावर ओझं होतं हे सांगितलं होतं. हा मागही त्या वाचू शकत होत्या, आणि वाचायचा नव्हता तरी वाचला गेला. बांधा लहान. घाई नाही. कुणी गंमत म्हणून गुडघ्यांवर चाललं तर तोल जातो, हात टेकतात, अंतर कमी-जास्त होतं. इथे हात कुठेच टेकलेले नव्हते, आणि अंतर सगळीकडे सारखं होतं. हे माणूस रोज असंच चालत होतं. मागचे ओरखडे जिथे संपत, तिथे पावलाची खूण असायला हवी होती. ती नव्हती.

"हवा कोरडी आहे," नकाशेवाला चहाचा पेला हातात घेऊन म्हणाला. "माती तडकते."

"हो. तडकते."

पडद्यापलीकडे आवाज झाला. दब. मग जरा थांबून, दब. भिजलेलं पोतं उचलून ठेवावं तसा.

दोघंही पेल्याकडे बघत राहिली.

"पारवे," नकाशेवाला म्हणाला. "छतात पारवे झालेत फार." पेला अर्धा ठेवून तो उठला, आणि त्या दिवसानंतर आजारपणाची सुट्टी घेऊन घरीच बसला. बाईंनी त्याला मनातल्या मनात भित्रा म्हटलं, पळपुटा म्हटलं. सगळे पळपुटे. एकाचाही पाय जागेवर ठरत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी इतक्या जोराने सारवलं, की कुडाला टेकलेला हात सोलवटला.

५

पण मन ऐकेना. घोट्याखालचे पाय मेल्यावर कापले, असं पाटीवर लिहिलं होतं. वस्तीतल्या बाकी सगळ्या सांगाड्यांचं तसंच होतं, म्हणून हिचंही तसंच, असं बाई धरून चालल्या होत्या. हिच्या नडगीची टोकं अजून मातीच्या ढेपळात होती. ती साफ करून पाहिलीच नव्हती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर बाईंनी त्याला दारात उभं केलं नसतं.

संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या एकट्याच आत गेल्या. झरोक्यातून ऊन येत होतं. धूळ तरंगत होती. त्यांनी जमिनीचा तुकडा चौकोनी कापून काढला, खालची माती लहान थापीने उचलली, मग ब्रश, मग बांबूची काडी. हात सरावाने चालत होते. डोकं मात्र भांडत होतं. पुरे कर. घरी जा. पोरगी एकटी आहे, तिचे पाय बधिर झालेत.

टोकं उघडी झाली.

मेलेलं हाड तोडलं, की कड तीक्ष्ण राहते, हजारो वर्षांनीही. ही टोकं तशी नव्हती. ती गोल झाली होती, गुळगुळीत, वरून नवं हाड चढून बंद झालेली. असं हाड भरून यायला माणूस जिवंत लागतं. बराच काळ जिवंत.

बाई मागे टेकून बसल्या. त्यांच्या घशातून आवाज आला, शिवीसारखा.

म्हणजे धडधाकट, चालतीबोलती बाई. आणि घरातलंच कुणीतरी. शत्रूने केलं असतं तर जखम सडून ती मेली असती. हिची जखम कुणीतरी धुतली होती, बांधली होती, पाला वाटून लावला होता. तापात कपाळ पुसलं होतं. मग वर्षानुवर्षं बसल्या जागी भरवलं होतं, चुलीजवळची उबेची जागा दिली होती. इतकं निगुतीने करणारं माणूस घरात कोण असतं?

कापणारा हात आणि भरवणारा हात एकच होता.

"कशी गं तू," बाई म्हणाल्या. कुणाला, ते त्यांना सांगता आलं नसतं. "कसं गं तुझ्याने झालं!" आणि त्याच वेळी स्वतःचाच घोष त्यांच्या कानात चालू होता, माती थापतानाचा. जायचं नाही. इथून कुणी जायचं नाही. तोच ठेका. तीच माती. शिवाय अगदी त्याच रीतीने, काही चुकू न देता.

त्यांनी गुडघ्यांवरची माती झटकायला ब्रश पुढे नेला. तिथे माती नव्हती. दोन्ही वाट्या उघड्या होत्या आणि त्यांच्यावर पिवळं सारवण होतं, कालच्याच बादलीतलं, राख मिसळलेलं. बाकी हाडं कोरडी ठक्क. या दोन वाट्या तेवढ्या ओल्या.

झिरपलं असेल, बाईंनी स्वतःला सांगितलं. भेगेतून.

मग फोन वाजला.

६

"आई, मी नाही जात," भिंगरी म्हणाली. आवाज गोड, झोपेतून उठल्यासारखा. "तिकीट रद्द करून टाकते."

हेच ऐकायला त्यांचा जीव टांगणीला लागला होता. आता काळजात चर्र झालं.

"का गं? पाय जास्तच बधिर झालेत?"

"छे. आता काहीच नाही. मस्त वाटतंय. तू चेपून दिलेस ना, तेव्हापासून."

"मी कधी?"

"मगाशी. झोपले होते तेव्हा, खाली बसून. काय गं, विसरलीस? हात किती गरम होते तुझे. बरं, लवकर ये, आणि भांडू नकोस हं आता. झालं ना तुझ्या मनासारखं."

बाई मागे न बघता बाहेर पडल्या. जमीन उघडीच राहिली. इतक्या वर्षांत काम असं अर्धवट टाकून त्या कधी उठल्या नव्हत्या. पहारेकरी हाक मारत होता. टॅक्सीत बसल्यावर चालकाने विचारलं, "घाई आहे का ताई?" तर त्या त्याच्यावर खेकसल्या, "दिसत नाही का?" आणि मग हात जोडून बसल्या. एरवी देवाकडे मागताना त्या नीट क्रमाने मागत. आता फक्त म्हणत होत्या, मी म्हटलं ते खरं नव्हतं. मी म्हटलं ते धरू नकोस.

७

दार नुसतं लोटलेलं होतं. घरात दुपारचं ऊन होतं, धुतलेल्या कपड्यांचा वास होता, आणि आतल्या खोलीतून आवाज येत होता. दब. दब.

बोळात भिंगरी आली. गुडघ्यांवर. हात मोकळे, पाठ ताठ, जणू जन्मभर अशीच चालत आली होती. पावलं मागून फरफटत येत होती, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. ती हसत होती.

"बघ, किती सोपं आहे."

लादीवर तिच्या मागे पिवळे ठसे होते. तिच्या पायघोळ पायजम्यावर मात्र मातीचा डागही नव्हता.

बाईंचा सगळा राग, नवऱ्यावरचा, नकाशेवाल्यावरचा, जाणाऱ्या प्रत्येकावरचा, एका जागी गोळा झाला आणि उलट दिशेला फिरला.

"ऊठ!"

"आई, कशाला..."

"ऊठ म्हणते ना! कुणाला विचारून बसलीस खाली? याचसाठी वाढवली तुला?" त्यांनी तिला बखोटीला धरून ओढलं. ती ओझ्यासारखी जड झाली होती, आणि खालून कुणी धरून ठेवल्यासारखी येत नव्हती. बाईंनी तिच्या काखेत हात घातले, उचलली, भिंतीला आपटत, खुर्ची पाडत, दारापर्यंत नेली. "सोड," त्या दातांतून म्हणत होत्या, "सोड तिला. माझी आहे म्हणून सोड." मागे आतल्या खोलीत पलंगाशेजारी काहीतरी बुटकं उभं होतं, उशीचा अभ्रा सारखा करत होतं. बाईंनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि मान वळवली नाही.

उंबऱ्याबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर भिंगरी किंचाळली.

"आई गं! पाय! पाय दुखतायत!"

"दुखू देत!" बाई रडत ओरडल्या. "दुखू देत माझ्या बाई. टेक. पाऊल टेक."

तिने टेकलं. कळवळली, कठड्याला धरलं, दुसरं टेकलं. तिचा चेहरा हळूहळू तिचा झाला. भेदरलेला, चिडका, जिवंत. "मी खाली का बसले होते? आई, आत कोण होतं?"

"कुणी नाही. बॅग घे." बॅग दाराशीच होती. बाईंनी ती तिच्या हातात कोंबली, पर्स गळ्यात अडकवली. "खाली टॅक्सी थांबलीय, सांगितलंय मी त्याला. स्टेशनवर जाऊन बस. तिकीट रद्द केलंस?"

"नाही अजून."

"करायचं नाही. पोचलीस की फोन कर. रोज नको करू, कंटाळशील. पण करत जा."

"तू चल ना माझ्याबरोबर. आत्ता. अशीच."

बाईंनाही तेच हवं होतं. पण पाठीमागे आवाज सुरू झाला होता, सावकाश, सारख्या अंतराने. दार उघडं होतं. आज आपण दोघी गेलो, तर ते दोघींच्या मागे येईल, आणि भिंगरीच्या नव्या खोलीत, नव्या पलंगाशेजारी एक दिवस कुणीतरी गरम हातांनी पाय चेपायला बसेल.

"मी येते मागून," त्या म्हणाल्या. "जा. मागे बघितलंस तर याद राख."

भिंगरी लंगडत, रडत, मग जरा भरभर जिना उतरली. तिची पावलं वाजत होती. एक, मग दुसरं, चांगली टाचेसकट. बाईंनी ती कान भरून ऐकली. मग त्या आत आल्या, दार लावलं, कडी घातली आणि दाराला कपाळ टेकून उभ्या राहिल्या.

मागचा आवाज जवळ आला आणि थांबला.

ओल्या राखेचा वास आला. मग त्यांच्या घोट्यावर हात टेकला. त्यांना वाटलं होतं तो गार असेल. तो ऊबदार होता, खरखरीत, दिवसभर काम केलेला, आणि दमलेले पाय चेपावेत तसा हळूहळू, मायेने दाबू लागला. अंगठा नेमका दुखऱ्या शिरेवर फिरत होता. इतक्या वर्षांत त्यांचे पाय कुणी चेपले नव्हते.

खाली टॅक्सीचं दार लागलं. गाडी सुरू झाली.

टाचा आधी बधिर झाल्या, मग तळवे. त्यांना पाय झटकून सोडवून घेता आला असता, अजून तेवढं बळ होतं. पण टॅक्सी अजून गल्लीतच होती, कुणी वाटेत आडवं आलं असावं, चालक हॉर्न वाजवत होता. बाईंनी दाराची कडी दोन्ही हातांनी गच्च धरली. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तरी हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.